लॉलरच्या काचेवरचा कागद

लिमरिक
रविवार, ३० मार्च

क्रिस्टी काकांना शेजारच्या मॉसीचा नमस्कार.

तुमचा गुडघा फार कुरकुरत नसेल आणि किल्कीचं खारं वारं तुम्हाला मानवत असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही बरे. पप्पांची बस या महिन्यात दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा चढावर आणि दोन्ही वेळा तिच्यात नन बसलेल्या, त्यामुळे पप्पांना शिव्यासुद्धा देता आल्या नाहीत, त्या त्यांनी घरी आणून दिल्या. मम्मी विचारतेय, नोरीनताई तुम्हाला पोटभर घालते का. मी म्हणालो, पोटची पोरगी आहे, बापाला उपाशी ठेवेल होय.

माझं पत्र बघून दचकला असाल. शाळेत मला निबंधाला दहापैकी दोन पडायचे, त्यातला एक नाव बरोबर लिहिल्याबद्दल. फोनच केला असता, पण नोरीनताई म्हणाली की तुमचा फोन जानेवारीपासून बिस्किटांच्या डब्यात पडलाय आणि तुम्ही त्या डब्यातली बिस्किटंसुद्धा खात नाही. असो.

काम असं आहे. शुक्रवारी मी सॉसेज आणायला मटणाच्या दुकानात गेलो तर लॉलरने सुरी हातात असतानाच मला पकडलं. येत्या शनिवारी क्वार्टर फायनल आणि त्याच्या दुकानाच्या काचेवर तुमचा कागद नाही. एकतीस वर्षं, म्हणे, हरला-तो-घरी अशी एकही मॅच गेली नाही जिच्या आधी क्रिस्टी हार्टिगनचा कागद माझ्या काचेवर लागला नाही. कोण भारी, कोण हलकं, वारं कुठून, सगळं एका पानात. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा तुम्ही हॉस्पिटलच्या जेवणाच्या तक्त्यामागे लिहून पाठवला होता, एवढं त्याने मला पुन्हा ऐकवलं. मग म्हणाला, "तू त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतोस. लिही त्यांना. आणि नाहीच पाठवला तर तू लिहायचा."

मी म्हणालो, मी? तो म्हणाला, शाळेत इतके कागद फाडलेस, एक लिहून दाखव.

तर मी कच्चा लिहून पाठवतोय, तुम्ही लाल पेनाने दुरुस्त करा. मिसेस लॉलरने अट घातलीय की मलाही कळेल असं लिही. ती किल्केनीची, तिकडे हर्लिंग खेळतात, त्या काठीशिवाय माणसाला दुसरं काही दिसत नाही, रग्बी तर नाहीच. म्हणून जरा फोड करून लिहिलंय, हसू नका.

लिमरिक विरुद्ध फ्रान्सचं कास्तेलरू, रग्बी. शनिवार, संध्याकाळी साडेपाच, आपलं मैदान. जिंकला तो सेमी फायनलला, हरला त्याचा युरोपचा कप संपला.

त्यांचा जोर स्क्रममध्ये. आठ जणांनी डोकी खाली घालून समोरच्या आठांना रेटायचं, त्यात त्यांच्या पहिल्या रांगेत दोन म्हशी आणि एक कपाट आहे. कपाटाचं वजन एकशे बेचाळीस किलो. जानेवारीत, गटातल्या मॅचला, त्या कपाटाने आपल्याला असं मागे नेलं जसं बाजारातली ढकलगाडी परत जागेवर नेऊन ठेवतात. (मिसेस लॉलर म्हणाली, नुसतं रेटायचंच असेल तर बॉल कशाला लागतो? उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.)

आपला जोर लाइनआउटमध्ये. बॉल रेषेबाहेर गेला की तो परत आत फेकायचा आणि आपल्या उंच गड्याला उचलून वरच्यावर झेलायचा. फेकणारा आपला डिनी. साठ मिनिटांपर्यंत डिनीचा बॉल दोरी ताणल्यासारखा सरळ जातो, साठनंतर तो लग्नातून घरी चालल्यासारखा जातो. म्हणून माझं मत, जे काय करायचं ते साठ मिनिटांत करा.

वारं नदीकडून. तुम्ही सांगायचात तसंच, पोरं विसरतात म्हणून लिहिलंय: नदीच्या बाजूच्या खांबांपाशी वारं वळतं, बॉल वर अडकल्यासारखा होतो, तिथे उंच मारायचा नाही.

आणि त्यांचा किकर, कूदेर. वय वीस, माझ्याहून एकाने लहान. यंदा युरोपात त्रेचाळीस वेळा दोन खांबांच्या मधून मारायला नेम धरला, एकेचाळीस आत. त्याच्याबद्दल काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा. मी तिथे चार ओळी मोकळ्या सोडल्यात.

बाकी गाव तापलंय. आमच्या टायरच्या दुकानातल्या पोरांनी गाढवाचे मुखवटे मागवलेत, दोनशे. कूदेर किकला उभा राहिला की दोनशे गाढवं एकदम ओरडणार. जानेवारीपासून हे खूळच निघालंय. फेब्रुवारीच्या मॅचला समोरच्यांची किक होती आणि कोणीतरी मागून ओरडलंच, लोक हसले. आधी अशा किकला मैदानाच्या पायऱ्यांवर पिन पडली तर ऐकू यायची, आता लोक चिप्स खातात, गप्पा मारतात. पोरं आहेत, करणारच. मीही हसलो असेन. आठवत नाही.

जानेवारीचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शेवटचं मिनिट होतं, आपण एकोणीस-अठरा पुढे, पेनल्टी त्यांना, मैदान चिडीचूप आणि तुमच्या कोटाच्या खिशात फोन गाढवासारखा ओरडला. त्याची किक खांबाला लागून बाहेर गेली. एवढंच तर झालं. फोन ही जातच बेभरवशाची, काहीही आपोआप वाजतं. माझ्या आत्याचा फोन एकदा पर्समधून आपोआप फादरना लागला आणि फादरनी अर्धा तास तिच्या जावेबद्दल ऐकलं.

गुरुवारच्या आत कागद पाठवा. आणि कागदाबरोबर तुम्हीही या. तुमच्या तिसऱ्या पायरीवर खांबाशेजारी कोणीही उभं असतं हल्ली, बरं दिसत नाही.

तुमचा,
मॉसी


टायरचं दुकान, लिमरिक
बुधवार, २ एप्रिल, जेवणाची सुट्टी

क्रिस्टी काका,

तुमचं पाकीट सकाळी मिळालं. मी ते गाडीखाली उभा राहून उघडलं. ज्याची गाडी लिफ्टवर चढवली होती तो माणूस अर्धा तास शेजारून ओरडत होता आणि मला ऐकू येत नव्हतं.

पाकिटात शनिवारचं तुमचं तिकीट. त्याला टाचलेली चिठ्ठी: तू वापर, तुझा आवाज मोठा आहे, माझ्या वाटचंही ओरड. आणि लॉलरसाठी घडी घातलेला कागद.

घडी मी उघडली. माझ्यावर विश्वास ठेवून पाठवलंत आणि मी उघडली, हे आधी सांगून टाकतो, कारण आज एवढं सांगायचंय की त्यात हे बारीक वाटेल.

मला वाटलं मॅचबद्दल असेल. कपाटाबद्दल काहीतरी टोमणा असेल. तर त्यात म्हशी नाहीत, डिनी नाही, वारंसुद्धा नाही. कास्तेलरूच्या किकरला लिहिलेली माफी आहे. तुम्ही काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे, पण मी इथे उतरवतोय, कारण मला हाताने लिहून बघायचंय. "चाळीस वर्षं मी या पायऱ्यांवर माणसांना गप्प करत आलो आणि त्या दिवशी माझाच खिसा गप्प राहिला नाही. चूक माझी, गावाची नाही. तुमची क्षमा मागतो. मी पुन्हा मैदानात पाऊल ठेवणार नाही." खाली पूर्ण नाव.

हा कागद मी लॉलरला देणार नाही.

फोन आपोआप वाजला नाही, काका. मी वाजवला.

डिसेंबरात तुम्ही लॉलरच्या दुकानात फोन माझ्या हातात दिलात, आठवतंय? ऐकू येत नाही म्हणालात, आवाज मोठा करून दे. मी मोठा करून दिला. आणि फक्त माझ्या नंबरच्या घंटीच्या जागी गाढव घातलं. डोक्यात एवढंच होतं की एखाद्या सोमवारी तुम्ही दुकानात रांगेत असताना वाजवायचं, मिसेस लॉलर किंचाळेल, तुम्ही मला टोपीने माराल, संपलं. आख्ख्या गल्लीत माझ्या खोड्या अशाच असतात, कोणाचं काही मोडत नाही.

तो सोमवार आला नाही. त्याआधी शनिवार आला.

इथे मी आधी लिहिलं होतं की खिशात चुकून बटण दाबलं गेलं. ते खोडलंय. खोडलेलं वाचता येत असेल तर वाचा आणि ते खोटं आहे हेही वाचा.

मी समोरच्या बाजूला गुणफलकाखाली उभा होतो. तिथून तुम्ही दिसता. पंचाने पेनल्टी दिली, कूदेरने बॉल ठेवला, तीस मीटर, बरोबर समोर. ती त्याची झोपेतही चुकली नसती. तीन गुण आणि आपण बाहेर. मग तुम्ही टोपी काढलीत. मी लहानपणापासून बघतोय, तुम्ही शू करत नाही, ओरडत नाही, फक्त टोपी काढून छातीशी धरता आणि तुमच्यापासून सुरू होऊन पायरी पायरी करत माणसं गप्प होत जातात, पार माझ्यापर्यंत. त्या दिवशीही झाली. सव्वीस हजार माणसं आणि मला माझ्याच नाकातला श्वास ऐकू येत होता.

माझा हात खिशात होता. तुमचा नंबर वरच होता, कारण सकाळी तुम्ही मला ब्रेड आणायला सांगितला होता.

खोडी नव्हती ती. खोडीत मला हसू येतं. मला हसू येत नव्हतं. आपण हरणार होतो आणि मला ते सहन होईना, म्हणून मी दाबला. तो पाऊल टाकेपर्यंत थांबलो आणि दाबला. असं थांबून दाबलेलं बटण चुकून कसं दाबलं जाईल.

बॉल खांबाला लागला तेव्हा मी उड्या मारल्या. मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही सगळे खिसे चाचपत होता आणि फोन बाहेर येत नव्हता आणि गाढव ओरडतच होतं, कारण मी फोन बंद करायला विसरलो होतो. मला वाटलं होतं लोक तुम्हाला ओरडतील. तसं झालं असतं तर परवडलं असतं. पण मागच्या दोघा-तिघांनी तुमच्या पाठीवर थाप मारली, एकजण "शाब्बास, म्हाताऱ्या" म्हणाला. त्यांना वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत. ते ऐकून तुमचा चेहरा कसा झाला ते मी समोरून बघितलं. तुम्ही टोपी डोक्यावर न घालताच पायऱ्या उतरलात. पंधरा दिवसांनी दाराला कुलूप आणि तुम्ही किल्कीला.

कूदेरला नंतर पत्रकारांनी विचारलं तर तो म्हणाला, किक माझी होती, चुकली. बाकी एक शब्द नाही. तो वीस वर्षांचाच ना. मी त्याच्या जागी असतो तर गाढवाचं नाव घेऊन आठ दिवस रडलो असतो.

सहा वर्षांचा असताना मी तुमच्या खांद्यावर बसून पहिली मॅच बघितली. समोरच्यांची किक होती आणि मी भोंगा वाजवला. तुम्ही मला खाली उतरवलंत. मारलं नाहीत. म्हणालात, "आपल्या माणसाला ओरडून जोर देणं कोणालाही जमतं. त्यांच्या माणसाला शांतपणे मारू देणं अवघड, म्हणून ते आपण करतो." मला तेव्हा काही कळलं नव्हतं, फक्त भोंगा परत मिळावा म्हणून मान हलवली होती. जानेवारीत कळलं, तेही मोडून झाल्यावर.

तर आता मी काय करणार ते सांगतो. विचारत नाही, सांगतोय.

तुमचा माफीचा कागद माझ्याकडेच राहील. काचेवर माझा कागद लागेल, माझ्या नावाचा, उद्या सकाळी दुकान उघडायच्या आत. मॅचबद्दल असेल, कारण लॉलरला मॅचबद्दलच हवाय. कूदेरच्या त्या चार मोकळ्या ओळींत मी काय केलं ते असेल. कोणाला शिव्या द्यायच्या असतील तर पत्ता खाली लिहितो.

तुमचं तिकीट परत पाठवतोय. ते माझ्या हातात राहिलं तर मी आणखी काहीतरी मूर्खपणा करेन.

मालक हाका मारतोय. ती गाडी अजून वरच आहे.

मॉसी


लिमरिक
शुक्रवार, ४ एप्रिल, दुपार

क्रिस्टी काका,

टपालाने हे पत्र वेळेत पोचणार नाही, म्हणून नोरीनताईच्या हातात देतोय. ती चारला हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून सुटून थेट किल्कीला निघणार आहे. तिने मला बघितलं, पाकीट घेतलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. बाहेरच्या नाही, आतल्या.

काल पावणेआठला मी लॉलरकडे गेलो. तो काळ्या पुडिंगचे, त्या रक्ताच्या सॉसेजचे, तुकडे मांडत होता. मी त्याला कागद दिला आणि म्हणालो, आधी वाच, मग लाव. त्याने उभ्याने वाचला. म्हशी आणि कपाटाला हसला. डिनीच्या लग्नाला हसला. मग त्या चार ओळींवर आला. त्या अशा होत्या:

"कूदेर, कास्तेलरूचा किकर. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस, आणि चुकलेल्या दोनपैकी एक त्याची नाही. जानेवारीत क्रिस्टी हार्टिगनच्या खिशातला फोन मी वाजवला, मी, मॉरिस कोलोपी, त्यांच्या नकळत आणि जाणूनबुजून. क्रिस्टीकाकांनी काही केलं नाही. कूदेर चांगला किकर आहे, तो शनिवारी शांततेत मारून आपल्याला हरवू शकतो, आणि हरवलं तर हरलो."

लॉलरने एप्रन काढला, घडी केली, काउंटरवर ठेवला. मला वाटलं आता मला मारणार, आणि एप्रन मळू नये म्हणून काढलाय. त्याने विचारलं, "किती दिवस पोटात ठेवलंस हे?" मी म्हणालो, अकरा आठवडे. तो म्हणाला, "आणि रोज येऊन माझ्याकडून सॉसेज नेलेस." मग त्याने स्वतःच्या हाताने कागद काचेवर लावला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. तुमच्या कागदाला दोनच लावायचा.

नऊपर्यंत फुटपाथवर माणसं. काका, मी आत पुडिंगमागे उभा होतो, पळालो नाही, हे कोणी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो. एकजण आत येऊन फक्त माझ्याकडे बघून गेला, काहीही विकत न घेता. एका म्हातारीने सांगितलं की तिला माझ्या आजीची कीव येते. आजीला जाऊन नऊ वर्षं झाली. तुमच्या पाठीवर थाप मारणाऱ्यांतला एक आला होता. कागद वाचला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि गेला.

आमच्या टायरच्या दुकानातली पोरं आता मी दिसलो की गाढवासारखी ओरडतात. मालकही ओरडला एकदा. ओरडू देत. गावात गाढव कोण ते एकदाचं ठरलं, आता माणूस बदलणार नाही.

पप्पांनी काच बसमधून वाचली. बस थांब्यावर उभी करून, प्रवाशांसकट. घरी आले, जेवलो. बटाटे माझ्याकडे सरकवले तेवढंच. मम्मी रडली, मग म्हणाली, तुझं अक्षर सुधारलंय.

आणखी एक केलं. कूदेरला पत्र लिहिलं. फ्रेंच मला किती येतं ते तुम्हाला माहीत आहे, त्या वर्गात मी एकदा बाईंच्या खणात जिवंत खेकडा ठेवला होता. म्हणून त्याच क्विलिगन बाईंच्या दारात गेलो. त्यांनी दार उघडून आधी माझे दोन्ही हात बघितले, काही आणलंय का म्हणून. मग सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, तुम्ही फ्रेंचमध्ये लिहून द्या, मी खाली सही करतो. त्या म्हणाल्या, नाही, तू लिहायचं, मी चुका काढणार. सात वेळा लिहायला लावलं. कूदेरचा संघ उतरलाय त्या हॉटेलात आज सकाळी देऊन आलो. वाचलं की नाही माहीत नाही. उत्तरासाठी लिहिलंच नव्हतं.

आता मुखवट्यांचं. दोनशेपैकी साठ-सत्तर आमच्या दुकानात परत आलेत, कोपऱ्यात ढीग पडलाय, कान वर करून. बाकीचे आले नाहीत. मी पोरांना म्हणालो, घालू नका. ते म्हणाले, हे सांगणारा तू कोण? बरोबर आहे त्यांचं. मी सांगून कोणी गप्प बसणार नाही. मी काचेवर दहा कागद लावले तरी नाही. लॉलर म्हणाला त्याच्याने होणार नाही, माइकवरून सांगून तर मुळीच होत नाही, फेब्रुवारीत सांगितलं तेव्हा लोक माइकलाच हसले. ही गोष्ट एकच माणूस करू शकतो आणि तो किल्कीत बसून समुद्राकडे बघतोय.

तुमचं उत्तर आलं नाही. यायलाच पाहिजे असं नाही. रागावला असाल तर रागवा, तो तुमचा हक्क आहे, पुरवून वापरा, माझ्याकडे वय भरपूर आहे. पण एक गोष्ट रात्रंदिवस डोक्यात फिरतेय. लॉलरला तुम्ही एकतीस वर्षं ओळखता. त्याचा पत्ता तुम्हाला पाठ आहे. मग तो माफीचा कागद तुम्ही सरळ त्याला का नाही पाठवलात? माझ्या हातात का दिलात, नुसती घडी घालून, पाकीट न चिकटवता? त्या फोनमध्ये शेवटी कोणाचं नाव होतं ते नोरीनताईला बघता येतं, तिला फोन वापरता येतो.

विचारत नाही. तुम्ही सांगूही नका. माहीत असेल तर मला कायमचं तुमच्या तोंडाकडे बघताना लाज वाटेल, आणि माहीत नसेल तर आता झालंय.

तरी एक मागतो. माझ्यासाठी येऊ नका. मला माफ करायला तर अजिबात येऊ नका, त्याची घाई नाही. कूदेरसाठी या. कोणीतरी त्या पोराला त्याची किक परत दिली पाहिजे आणि ती मला देता येत नाही, मी फक्त मोडू शकतो. डिनीला साठनंतर कोणी बदललं नाही तर आपण हरूही. हरलो तर नीट हरू.

मी आत येणार नाही. कोणी मनाई केलेली नाही, मीच ठरवलंय. पप्पांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, "बाहेर पाऊस असेल, माझा कोट घेऊन जा." तर मी त्यांचा कोट घालून पश्चिमेच्या भिंतीबाहेर रस्त्यावर उभा राहीन. आत काय चाललंय ते तिथून दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. ट्राय झाला, बॉल त्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, की भिंत हलते. आपली पेनल्टी, त्यांची पेनल्टी, शिट्टीवरून आणि शिव्यांवरून कळतं.

आणि त्यांच्या किकच्या वेळी आत कोणी नसल्यासारखं झालं, रस्त्यावरच्या गटारातलं पाणी ऐकू यायला लागलं, तर मला कळेल की तिसऱ्या पायरीवर कोण आलंय. मी तिथेच, बाहेर, टोपी काढून उभा असेन.

मॉरिस कोलोपी